बाबीमामा आवाज जाड करतात

मी फणसवाडीतला शाळामास्तर. जन्मात मासा तोंडात घातला नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत भर रस्त्यात 'बांगडो, पेडवे, सुंगटां' असं माझ्याइतक्या वेळा दुसरं कुणी ओरडलं नसेल. हे पाप माझं नव्हे, बाबीमामा परबांचं.

बाबीमामा लालबागला राहत आणि एका गिरणीत वायरमन होते. सभांची वर्दी द्यायला आमच्या मंडळींनी कुणाची तरी जुनी काळी मोटार मागून आणली होती. टपावर कर्णा, पुढे गोविंदा ड्रायव्हर, मागे माइक धरून मी, आणि मला खेटून बाबीमामा. त्यांच्या मांडीवर गोणपाटाची घडी आणि घडीवर अॅम्प्लिफायर. त्याला ते 'डबो' म्हणत. डब्याला दोन बटणं, एक व्हॉल्यूमचं, एक टोनचं. त्यांना हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. मी एकदा बोट नुसतं जवळ नेलं, तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांचे कान पिळा. डब्याचे मी पिळतंय."

आवाज तपासायला सगळं जग 'हॅलो हॅलो' म्हणतं. मामांना ते मंजूर नव्हतं. "हॅलोत काय कळता? बांगडो म्हणा. 'बां' घुमलो तर टोन जाड. सुंगटां म्हणा. शिट्टी वाजली तर टोन बारीक." पहिल्याच दिवशी ही परीक्षा त्यांनी नेमकी आमच्या वाडीच्या तोंडाशी घेतली. मी डोळे मिटून सगळी मासळी म्हणून टाकली. डोळे उघडले तर समोरच्या गॅलरीत गोखलेकाकू. "मास्तर," त्यांनी वरून विचारलं, "ताजे आहेत का हो?" पुढे आठ दिवस मी वाडीत मागच्या जिन्याने ये-जा केली.

आता खरं सांगतो, आम्ही दोघेही पक्के भित्रे. दिवसच तसे होते. सकाळी दुधाला गेलेला माणूस दुपारी परत येईल याची खात्री नव्हती. पोलिसांची गाडी दिसली की माझ्या तोंडून 'संयुक्त' बाहेर पडे आणि 'महाराष्ट्र' घशात अडकून बसे. मामांची भीती बोटांत उतरे. जितकी भीती जास्त, तितकं बटण बारकाईनं फिरवत. एकदा परळच्या नाक्यावर पोलिसांची गाडी मागे लागली, तर हे म्हणतात, "गोविंदा, गाडी थांबव. जरा घुमता."

"अहो मामा, मागे पोलीस आहेत!"

"मगे? त्यांकाव नीट ऐकाक येऊक व्हया."

असा हा आवाजाचा सोवळा माणूस. पण लालबागला स्वतःच्या गल्लीत शिरला की त्याला काय व्हायचं देव जाणे! टोनचं बटण पार शेवटपर्यंत जाडाकडे फिरवायचे. माझा आवाज रांजणातून यावा तसा यायचा. शब्द कुणाच्या बापाला कळत नसत. चाळीतले लोक विचारत, "मास्तर, घसा बसला काय?" आणि मोटार तिथून नेल्याशिवाय मामा राहत नसत. सभा दादरला असो नाहीतर गिरगावात, दिवसातून तीनदा त्या गल्लीतून चक्कर व्हायचीच.

एकदा माझं डोकं फिरलं. "मामा, घाबरता काय एवढे? चाळीतल्यांना कळू नये म्हणून माझा आवाज बिघडवता?"

"आसां म्हणा," ते एवढंच बोलले. मी मनातल्या मनात त्यांना भेकड ठरवून मोकळा झालो.

मग तो दिवस आला. सकाळीच लालबागच्या नाक्यावर गोळीबार झाला. सभा रद्द झाली होती, आणि 'घराबाहेर पडू नका' असं सांगत आम्ही परळच्या गल्ल्यांतून फिरत होतो. इतक्यात लालबागकडून एक गिरणीकामगार धावत आला, मोटार पाहून जागीच थबकला आणि आमच्याकडे भूत बघावं तसा बघायला लागला.

"तुम्ही? तिकडे तर सगळे म्हणतायत, कर्ण्याच्या गाडीवर गोळी झाडली, आतले तिघं गेले!"

मी आधी स्वतःचं पोट चाचपलं. गोविंदा खाली उतरून टायर बघून आला. बाबीमामांनी मात्र माझं मनगट घट्ट पकडलं.

"मास्तर, ती भायर पडतली."

"कोण?"

"आमची मामी. माका बघूक येतली. तिका ऐकाक येणा नाय, मास्तर."

मग ते तुटक तुटक बोलत गेले. मामीची सारी उमर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात गेली. यंत्रांनी कान खाल्ले. बारीक आवाज गेला तो गेलाच, जाड तेवढा थोडा समजतो. "गाडी गल्लीतसून गेली काय तिका कळता, मी जिवंत आसंय." शरमेनं माझी मान वर होईना. "आता पोलीस थांब म्हणतले," मामा म्हणाले, "आणि ती थांबूची नाय."

गोविंदानं मोटार अशी हाणली की मला सगळे देव आठवले. गल्लीच्या तोंडाशी बंदुकवाले उभे होते, आत सोडेनात. आम्ही वळसा घालून गिरणीच्या भिंतीमागे गेलो. भिंतीवरून मामांची चाळ दिसत होती. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं दार सताड उघडं होतं आणि गॅलरीत कुणी नव्हतं.

मामांच्या बोटांत आज बटण ठरेना. मी त्यांचं मनगट धरलं. टोन पार जाडाकडे, व्हॉल्यूम शेवटपर्यंत. मग त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"गो, मी हंय आसंय! माका काय झालां नाय! खाली येव नको!"

दोनदा, तीनदा. आजूबाजूच्या खिडक्या पटापट उघडल्या, मामी काही दिसेना. "गेली," मामा म्हणाले. माइक तोंडाशीच होता, ते सगळ्यांनी ऐकलं.

आणि पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीत एक बाई दिसली. पदर ढळलेला. ती आधी भलतीकडेच बघत होती, मग तिला भिंतीपलीकडचा कर्णा दिसला. खिडकीचे गज धरून ती नुसती उभी राहिली.

मामांनी आता 'घरात जा' म्हणायचं, की नाही? त्यांनी विचारलं, "जेवलंस गो?"

अख्ख्या लालबागला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. मामीनं मान हलवली. नाही.

"मी पण नाय," मामा म्हणाले. "वर जा, पेज ठेव. मी येतंय."

गल्ली बंद होती, वाटेत बंदुका होत्या, कसे पोचणार होते कोण जाणे. पण मामीनं पदर सारखा केला, आणि ती जिना चढून वर गेली.