सातव्या खंडाची बांधणी

सातवा खंड चाळता चाळता अनुवादकांच्या तोंडचं पाणी पळालं. क्षयाने अंथरुणाला खिळलेली विधवा जमीनदारीण डाव्या पानावर पाद्र्याला बोलावणं धाडत होती आणि उजव्या पानावर कुणी आरमारी अधिकारी बेभान नाचत होता. हा अधिकारी आठव्या खंडातला. दोन कादंबऱ्यांचे उत्तरार्ध एकमेकींच्या घरी नांदायला गेले होते.

रशियन साहित्याच्या अनुवादात त्यांची उमर गेली होती. उरलेला वेळ त्यांनी संसाराला दिला, म्हणजे दिलाच नाही. दोन्ही खंडांचं प्रकाशन दुसऱ्या दिवशी होतं आणि बोलायला येणार होते एक नामवंत समीक्षक. या गृहस्थांनी तिसऱ्या खंडातला एक चुकीचा स्वल्पविराम वर्षभर सभांमधून मिरवला होता. आता ही चूक त्यांच्या हाती लागली, तर जन्मभराच्या कामाचं हसं होणार होतं.

"प्रती थांबवा!" ते फोनवर ओरडले.

"गेल्या की दुकानांत," प्रकाशक म्हणाले. "समीक्षकांना तर केव्हाच दिल्या. बाइंडर इथेच आहे, त्यालाच विचारा."

बाइंडर निवांत होता. "पानांवर पुस्तकाचं नाव नको, वाचकाचं लक्ष उडतं, असं तुम्हीच म्हणालात ना, साहेब? मग छापील पानांचे फर्मे जुळवायचे कशावरून? मी वाचूनही बघितलं. दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे रडारड. बसवून टाकलं."

अनुवादकांनी फोन खाली ठेवला. ती ऐट खरोखरच त्यांची होती.

"अहो, एवढं काय घाबरायचं?" पत्नीने धीर दिला. "वाचतंय कोण?"

इतकं दुखावणारं त्यांना आजवर समीक्षकही बोलले नव्हते.

सभागृहात समीक्षक उठले, तेव्हा अनुवादकांनी खुर्ची घट्ट धरली.

"मृत्युशय्येवरून थेट नृत्यात!" समीक्षक गरजले. "ही झेप रशियन लेखणीच घेऊ जाणे! मी मूळ ग्रंथाशी ताडून पाहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुवादकांनी नम्रपणे मान लववली. खरं सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि टाळ्याही काही थांबत नव्हत्या.

आवृत्ती हातोहात संपली. मग मात्र त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. हट्टाने त्यांनी दुसरी आवृत्ती नीट बांधून घेतली. लगेच समीक्षकांचा लेख झळकला: अनुवादकांनी मूळ कलाकृतीचा गळा घोटला आहे, विधवा सरळ मरून जाते, हे कसलं साहित्य? दुकानदार प्रती परत धाडू लागले. प्रकाशकांनी फोन उचलणं बंद केलं.

शेवटी अनुवादक समीक्षकांच्या घरी जाऊन बसले.

"खरं सांगतो, चूक पहिल्या आवृत्तीत होती. बांधणीची."

समीक्षकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "टीका इतकी मनाला लावून घेऊ नका. चांगलं काम केलंत, ते नाकारता कशाला? मूळ मी वाचलंय. ती मरत नाही."

"अहो, पण अनुवाद मी केलाय!"

"किती वर्षं झाली त्याला? होतं असं. वय झालं आपलं."

आवाजात इतकी माया होती, की अनुवादकांना भांडताही येईना. घरी आल्यावर चपला न काढताच त्यांनी कपाटातून मूळ रशियन पुस्तक ओढून काढलं.

"आता काय शोधताय?" पत्नीने विचारलं.

"काही नाही गं," ते घाईघाईने पानं उलटत म्हणाले. "एकदा खात्री करून घेतो."