पिशवीकडे कोण बघणार?

कोपाकबानाच्या वाळूवर पिशवी टेकवल्या टेकवल्या वाल्दोमिरोने तिचा बंद दोनदा मनगटाला गुंडाळला आणि बायकोला विचारलं, "आता पिशवीकडे कोण बघणार?"

समुद्र समोर होता. म्हणजे असावा. छत्र्या, खुर्च्या, बर्फाच्या पेट्या आणि तेल चोपडून पालथी पडलेली माणसं यांच्या पलीकडे कुठेतरी त्याचा आवाज येत होता. पोस्टकार्डावर रिओचा समुद्र हातभर मोठा दिसतो. इथे तो दोन छत्र्यांच्या फटीतून वीतभर दिसत होता, आणि तेवढाही कुणी ना कुणी मध्ये येऊन झाकत होतं.

"मी समुद्राकडे बघायला आलेय," इदालिना म्हणाली. "पिशवीकडे तू बघ."

"तसं नको. पाळी लावू. आधी मी जाऊन पाण्याचा अंदाज घेतो. अर्ध्या तासात आलोच. मग तू."

"जा बाबा. चाळीस वर्षं थांबले, आणखी अर्धा तास थांबते." त्याने पिशवीचा बंद सोडून तिच्या मनगटाला गुंडाळला आणि निघाला.

चाळीस वर्षं हे काही उगाच तोंडाला आलं म्हणून नव्हतं. लग्नानंतर ती दोघं समुद्र बघायलाच निघणार होती, तेवढ्यात सासूबाईंचा पाय मोडला. पुढे छप्पर गळालं, पोरं झाली, आणि वाल्दोमिरो पडला डेअरीच्या फाटकावरचा पहारेकरी. अडतीस वर्षांत त्याने ते फाटक एक दिवस सोडलं नाही. आता तो निवृत्त झाला तेव्हा कुठे गावातून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये दोन जागा मिळाल्या. सकाळी पोचायचं, संध्याकाळी पाचला परत. इदालिनाने निळ्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांचा पोहण्याचा पोशाख स्वतः शिवला होता, तीनदा उसवून पुन्हा शिवला होता, आणि आत्ता तो फ्रॉकच्या आत घालूनच ती आली होती.

निघताना सगळ्या गावाने बजावलं होतं की रिओत कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, पाद्रीबाबांनी सांगितलं, आणि जो बसस्टँडच्या पुढे कधी गेला नव्हता त्या न्हाव्याने तर सगळ्यात जास्त सांगितलं. पण त्यांच्या मिनास प्रांतातल्या डोंगरी माणसाला दोन गोष्टी जन्मात जमत नाहीत. अनोळखी माणसावर विश्वास ठेवणं ही एक, आणि कुणाला तोंडावर नाही म्हणणं ही दुसरी. तिथेच सगळा घोळ झाला.

वाल्दोमिरो गेला त्याला पाच मिनिटंही झाली नसतील, तोच एक मुलगी आली. चपला, फोन आणि चष्मा तिने इदालिनाच्या पुढ्यात ठेवला. "मावशी, जरा बघाल? पाण्यात एक बुडी मारते न् आलेच."

"अगं पण माझी पाळी..."

"थँक्यू हं मावशी!" आणि मुलगी पळाली.

कोपाकबानात हे रोजचंच आहे. चोराची भीती सगळ्यांनाच, म्हणून तर जो तो शेजारी बसलेला एखादा गरीब चेहरा हेरतो आणि चीजवस्तू त्याच्या गळ्यात मारतो. इदालिनाचा चेहरा असा होता की बँकेनेही तिजोरीच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या असत्या. मुलीचं बघून एक जोडपं आलं. जोडप्याचं बघून उपनगरातलं सात जणांचं कुटुंब आलं, ते छत्री, बर्फाची पेटी आणि उरलेली कोंबडी ठेवून गेलं. एक कुत्रा आला, त्याचं नाव काय ते सांगायला मालक विसरला. मग एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी तोंडातली कवळी काढून कागदी पेल्यात ठेवली आणि पेला तिच्या हातात दिला.

"गेल्या वर्षी लाटेनं नेली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "सांभाळा, बाई. नवी आहे."

एक वाजला. ढीग एवढा वाढला की लोकांना ती सरकारी व्यवस्थाच वाटू लागली. एकाने पावती मागितली. एका बाईने विचारलं, "तुम्ही बंद किती वाजता करता?"

"मला काय माहीत! मी पाण्यात जायला आलेय!" इदालिना म्हणाली, पण तोवर त्या बाईची पर्स तिच्या मांडीवर आली होती. वाळूचे चटके बसत होते आणि आतला पोशाख घामाने अंगाला चिकटला होता. अर्ध्या तासासाठी गेलेल्या नवऱ्याचा अजून पत्ता नव्हता.

तीन वाजता मात्र ती मान उंच करून गर्दीत त्याची टोपी शोधू लागली. वाल्दोमिरोला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यात पाय घसरला असेल तर? एवढ्या गर्दीत एक म्हातारा गेला तर कुणाला कळणार? समुद्र गेला खड्ड्यात, आधी माणूस सापडू दे. ती उठली, आणि उठल्या उठल्या तिच्या लक्षात आलं की तिला जाता येत नाही. नऊ कुटुंबांचा संसार, एक कुत्रा आणि एक कवळी हे सगळं टाकून ती जाणार कुठे? ती पुन्हा खाली बसली. तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात गार चहावाला जिल्सन आला. दोन्ही खांद्यांवर दोन पत्र्याचे डबे, एकात चहा, दुसऱ्यात लिंबू सरबत. तोही डबे ठेवायलाच आला होता, पण तिचे डोळे बघून थबकला. "काय झालं, मावशी?"

"नवरा गेला रे माझा. सकाळचा गेलाय. डोक्यावर गवती टोपी, पायात काळे मोजे..."

"काळे मोजे?" जिल्सन हसायलाच लागला. "अहो तो? तो बसलाय की तिकडं, जीवरक्षकाच्या मनोऱ्यापाशी. तुमच्यापेक्षा मोठं दुकान आहे त्याचं. त्याच्याकडं तर दोन सायकली पण आहेत!"

इदालिनाला आधी हायसं वाटलं, आणि मग ती भडकली. "त्याला म्हणावं, असशील तसा ये!"

जिल्सन गेला आणि निरोप घेऊन परत आला. "म्हणाला, पहारा सोडून येता येत नाही. तूच ये."

"मी कशी येऊ? म्हणावं, माझ्याकडे कवळी आहे!"

जिल्सन पुन्हा जाऊन आला. "म्हणाला, पाण्याला पाय लागला नाही अजून. वाटेतच एकानं हाक मारली, काका जरा बघता का. आणि विचारलंय, पिशवी ठीक आहे ना?"

"पिशवी!" इदालिना ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "चार वाजत आले रे. पाचला बस आहे. आणि मी अजून समुद्र नीट पाहिलासुद्धा नाही."

जिल्सनने डबे वाळूत रोवले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. रिओच्या किनाऱ्यावर एखादं मूल हरवलं की लोक टाळ्या वाजवतात. एकाने सुरुवात केली की शेजारचा उचलतो, आणि बघता बघता सगळा किनारा कडाडतो. आईबाप जिथे असतील तिथून धावत येतात. आताही तसंच झालं. पाण्यातले लोक निथळत बाहेर आले.

"कुणाचं मूल हरवलं?"

"मूल नाही," जिल्सन म्हणाला. "या मावशींचा नवरा अडकलाय, आणि तुमच्या सामानापायी मावशी अडकल्यात. बाई सकाळपासून पाण्यात उतरल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आल्यात!"

लोकांची तोंडं एवढीशी झाली. पहिल्या मुलीने तर कानच पकडले. ज्याने त्याने आपापलं उचललं, गृहस्थांनी कवळी बसवली, आणि इदालिनाला मध्ये घेऊन सगळी वरात मनोऱ्याकडे निघाली. तिथे वाल्दोमिरो दोन सायकलींच्या मध्ये पाय फाकून उभा होता, डेअरीच्या फाटकावर उभा राहायचा तसाच. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, पण क्षणभरच.

"आता पिशवीकडे कोण बघणार?"

"आम्ही!" सगळे एकदम म्हणाले.

"तीच तर भीती आहे," वाल्दोमिरो पुटपुटला.

"हे बघ, म्हाताऱ्या," इदालिना म्हणाली. "यातल्या एकानंही मला माझं नाव विचारलं नाही. तोंडातले दात काढून दिले मला. तुला एक पिशवी देववत नाही? अडतीस वर्षं त्या फाटकाला दिलीस. आज मला पाण्यात घेऊन चल. नाहीतर बसमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस."

वाल्दोमिरोने तिच्या मनगटावरच्या बंदाकडे पाहिलं. मग तो सोडवून पिशवी कवळीवाल्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवली. मात्र एक अट घातली. तो उलटा चालत पाण्यात जाणार, तोंड किनाऱ्याकडे, नजर पिशवीवर. इदालिनाने फ्रॉक काढून ठेवला, त्याचे दोन्ही हात धरले आणि ठिपक्यांच्या पोशाखात त्याला ढकलत ढकलत पाण्यात नेऊ लागली.

पहिली लाट वाल्दोमिरोच्या पाठीवर बदकन आदळली.

"काय होतं ते?"

"समुद्र!" ती ओरडली, आणि तिच्या तोंडात खारं पाणी गेलं. ती खोकत होती, हसत होती, रडत होती, आणि यातलं काय चाललंय ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

दुसरी लाट आली, तिसरी आली. कुणीही हात सोडले नाहीत. पाच वाजता बसचा भोंगा वाजला, सव्वापाचला पुन्हा वाजला. साडेपाचला सहलीची प्रमुख एलेनिसे चपला हातात घेऊन किनाऱ्यावर ओरडत राहिली, आणि शेवटी तीही घोटाभर पाण्यात येऊन उभी राहिली.

बसमध्ये चाळीस माणसं फुगून बसली होती. दोघं पाणी गाळत आपल्या जागेवर बसली, पिशवी वर फळीवर गेली. बस सुटल्यावर मागच्या सीटवरची न्हाव्याची बायको ज्युरासी काही राहवेना म्हणून पुढे वाकली.

"मग, कसा वाटला समुद्र?"

"काय सांगू?" वाल्दोमिरो म्हणाला. "माझी पाठ होती त्याच्याकडे. तोंड पिशवीकडे."

"अगं बाई! तासभर? म्हणजे एवढा वेळ नुसते त्या पिशवीकडे बघत होता?"

इदालिना केस पिळायची थांबली. उत्तर तिलाही ऐकायचं होतं.

"पिशवी कुठली दिसायला," वाल्दोमिरो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मध्ये ही उभी होती ना."