सहावा नियम: आग्रह करू नये

जळगाव जिल्ह्यात सभ्यपणाची स्पर्धा भरवली तर पहिला नंबर आपलाच, असं राजदीप सुरवाडे सरांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. बक्षीस घ्यायला मात्र ते लगेच उठले नसते. "नको नको, दुसऱ्या कोणाला द्या," म्हणत मागे सरकले असते, आणि आयोजकांनी दंडाला धरून ओढत नेलं की मगच स्टेजवर चढले असते. आपल्याकडची रीतच आहे ती. पहिला 'नको' कोणी धरतच नाही. पहिला 'नको' नुसता घसा साफ करायला असतो!

सर शाळेत पीटी शिकवायचे. तेवीस वर्षं शिकवली, पण हक्काचं मैदान काही नशिबी आलं नाही. होतं त्या मैदानावर शाळेने नवी इमारत बांधली आणि पीटीचा तास गणिताला दिला. अशात पुण्याच्या एका शिबिरात सरांनी डिस्क गोल्फ पाहिला आणि ते खुळावलेच. गोल्फच, पण चेंडू नाही, काठी नाही. प्लास्टिकची चकती फेकायची, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पडेपर्यंत. अशा नऊ टोपल्या झाल्या की एक फेरी पूर्ण. मगन मिस्तरीने जुन्या झोपाळ्यांच्या साखळ्या वापरून नऊ टोपल्या वेल्डिंग करून दिल्या. जागा मिळाली अभयकुमार शेठच्या बंद पडलेल्या डाळ मिलच्या मागे. पाच एकर, भरपूर कडुनिंब, आणि फक्त रविवारपुरती.

पहिल्याच रविवारी घात झाला. मगनची चकती बाभळीत अडकली.

"हरकत नाही, मगनभाऊ! अजून एक फेका!" खेळायला जमलेले सगळे म्हणाले.

"नको नको," मगन म्हणाला.

"असं कसं? आमची शपथ आहे!"

मगनने शपथेखातर अकरा वेळा फेकली. मग बाकीच्यांनाही प्रत्येकी अकरा फेकींचा आग्रह झाला, कारण पंक्तीत भेदभाव बरा दिसत नाही. दुपारचे बारा वाजले तरी पहिली टोपली संपेना.

सर घरी आले, पत्रा घेतला, लाल रंग घेतला आणि शिष्टाचाराचा फलक रंगवायला बसले. नियम एक, दुसरा फेकत असताना शांत उभं राहावं. नियम दोन, टोपलीपासून जो लांब असेल त्याने आधी फेकावं. पुढे वाटेत माणूस असेल तर थांबावं, दुसऱ्याच्या चकतीला हात लावू नये, कचरा करू नये, असं रीतसर चाललं होतं. सहावा नियम त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिला: 'आग्रह करू नये. एकदा विचारावं. समोरचा नाही म्हणाला की विषय संपला.'

"हा जरा जड जाईल," त्यांची बायको संघमित्रा म्हणाली. ती सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती आणि कोणाला काय जड जाईल याचा तिला अंदाज होता.

"कोणाला?"

"बघू," ती म्हणाली.

आणि मग ती बातमी आली. शेठचा मुलगा संयम त्या जागेवर लग्नाचं लॉन काढायचं म्हणत होता. नकाशासुद्धा तयार होता, कारंज्यासकट! सायकल काढून सर तडक शेठच्या बंगल्यावर गेले. बंगला मिलच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. अभयकुमार शेठ अडुसष्ट वर्षांचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "सर, मला खेळातलं काही समजत नाही. रविवारी मला एक फेरी खेळवा. मनाला पटलं तर जागा पाच वर्षं तुमची. नाही पटलं तर लॉन. फक्त एक आहे, सूर्यास्ताच्या आत माझं जेवण झालं पाहिजे."

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. पाच वर्षं! स्वतःचं मैदान!

रविवारी चार वाजता शेठ पांढरा झब्बा-पायजमा आणि नवे कापडी बूट घालून हजर झाले.

"जय भीम, सर," शेठ म्हणाले.

"जय जिनेंद्र, शेठ," सर म्हणाले.

सुरुवात तर झकास झाली. खेळायला चौघे: शेठ, सर, मगन आणि आधार नाना. नाना धुळ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय वर्षं सत्तर. स्कोअर लिहायला संघमित्रा वही घेऊन उभी होती. शेठने चष्मा लावून फलक दोनदा वाचला आणि सहाव्या नियमावर बोट ठेवलं.

"हे खरंच पाळता?"

"अगदी काटेकोर!" सर छाती काढून म्हणाले. "आमच्यात 'नाही' म्हणजे 'नाही'. दुसऱ्यांदा विचारणं हा अपमान समजतो आम्ही."

"वा!" शेठच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "माझं अर्धं आयुष्य लोकांच्या आग्रहापायी पोट दुखण्यात गेलं, सर. हा नियम मी आजपासून पाळणार."

खेळ सुरू झाला. सरांची चकती कडुनिंबांवरून सणसणत गेली. मगनची गेली. नानांचीही बऱ्यापैकी गेली. शेठची वीस फुटांवर पडली.

"आता कोण?"

"लांबचा आधी. म्हणजे तुम्हीच, शेठ."

शेठने फेकली. पंधरा फूट. पुन्हा तेच लांबचे. पुन्हा फेकली. बाकीचे तिघे पहिल्या नियमाप्रमाणे हात बांधून, मान खाली घालून शांत उभे. सातव्या फेकीला शेठचा झब्बा पाठीला चिकटला. दहाव्या फेकीला ते दम घेत म्हणाले, "सर, सगळं काम मी एकटाच करतोय असं नाही ना?"

ते वाक्य सरांच्या वर्मी लागलं. पाहुण्याला कामाला जुंपायचं आणि यजमानांनी हात बांधून बघत राहायचं! खानदेशात असं कधी झालं होतं का? शेठची पहिली टोपली एकोणिसाव्या फेकीत झाली. पाच वाजायला आले होते. नऊपैकी एक झाली होती.

दुसऱ्या टोपलीला सरांनी मनाशी बेत केला. आपणच मागे राहायचं, म्हणजे शेठला विसावा. त्यांनी चकती मुद्दाम दहा फुटांवर टाकली. "हात निसटला," ते म्हणाले. शेठची पडली वीस फुटांवर. झालं, आता सर लांबचे! शेठने खुशीत घाम पुसला.

पण मगन पडला संकोची. सरांनी त्याच्या पोरीला कबड्डी शिकवलेली. सर मागे आणि आपण पुढे? त्याने चकती पाच फुटांवर ठेवल्यासारखी टाकली.

राहिले नाना. नानांनी सगळा मामला पाहिला. पाहुणे, मास्तर, कारागीर, सगळे कसे अदबीत! मग वडीलधाऱ्या माणसाने काय अधाशासारखं पुढे पळायचं? त्यांनी टोपलीकडे पाठ केली आणि चकती उलट्या दिशेला भिरकावली. ती पार चिंचेपाशी गेली.

"नाना!" सर ओरडले. "टोपली इकडे आहे!"

"माले माहीत शे, मास्तर," नाना शांतपणे म्हणाले. "पण बठ्ठासना पुढे जानं बरं नही दिखस."

आता नियमाप्रमाणे नानांनीच फेकायचं. पण शेठ मध्ये पडले. "सत्तरीचा माणूस तिकडे एकटा? शोभत नाही. आपण त्यांच्या सोबतीला जायला हवं." आणि त्यांनी आपली चकती उचलून चिंचेच्या दिशेने फेकली. आश्चर्य म्हणजे या दिशेला त्यांचा हात चांगला बसत होता. पन्नास फूट! शेठ लहान मुलासारखे हसले.

त्या हसण्यानेच सरांचा घात केला. जागेचा मालक हसतोय म्हटल्यावर त्याला कोण अडवणार? आणि मालक मागे असताना आपण पुढे कसं राहणार? सरांनी चकती चिंचेच्या पलीकडे टाकली. मगनने सरांच्या पलीकडे. नानांनी मगनच्या पलीकडे. प्रत्येक जण दुसऱ्याला मान देत देत मागे चालला होता. संघमित्राने वही मिटली. उणे टोपल्या कशा लिहायच्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेपाचला चौघेही मिलच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला पोहोचले. समोरून सावद्याचा केळीचा ट्रक येत होता. वाटेत कोणी असेल तर थांबावं, म्हणून चौघे थांबले आणि सवयीने हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले. ट्रकवाल्याने ते दृश्य पाहिलं. पांढऱ्या झब्ब्यातले शेठ, तीन गंभीर माणसं, जवळ वही घेतलेली बाई. त्याने करकचून ब्रेक मारला, इंजिन बंद केलं, खाली उतरून डोक्यावरचा रुमाल काढला.

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

नेमका मगन चकती फेकायच्या पवित्र्यात होता. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. ट्रकवाला समजून गेला आणि डोळे मिटून उभा राहिला. मागे दोन रिक्षा थांबल्या. मोटारसायकलवाले उतरले. कोणीतरी चपला काढल्या. अशा पंधरा-वीस माणसांच्या शोकाकुल शांततेत मगनची चकती रस्ता ओलांडून शेठच्या बंगल्याच्या आवारात गेली.

"चांगला माणूस होता," एक रिक्षावाला दुसऱ्याला म्हणाला.

शेठची शेवटची फेक तर अशी बसली, की चकती सरळ त्यांच्याच ओट्यावर उतरली. आतून चंदनबाई, शेठच्या घरच्या, बाहेर आल्या. "अहो, सूर्य चालला! ताट वाढलंय!"

सरांनी आकाशाकडे पाहिलं. संपलं सगळं. नऊपैकी एक टोपली! तेवीस वर्षांनी हाताशी आलेलं मैदान आपण आपल्या हाताने रस्त्यापार फेकून दिलं. त्यांना रडू यायला लागलं.

पण शेठचा चेहरा उजळला होता. "सर," ते ओट्यावरून म्हणाले, "चाळीस वर्षांच्या धंद्यात मी फक्त एकमेकांना मागे ढकलणारी माणसं पाहिली. एकमेकांसाठी मागे येणारी आज पाहिली. आणि जेवायला वेळेवर घरीसुद्धा आलो. टोपल्या गेल्या खड्ड्यात! जागा पाच वर्षं तुमची. घ्या!"

सरांच्या कानात घंटा वाजल्या. छाती भरून आली. आणि त्याच भरात, वाडवडिलांपासून चालत आलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"नको नको, शेठ! एवढं कशाला!"

शेठ थांबले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण लगेच काहीतरी आठवून मिटलं. मोठ्या आदराने हात जोडले.

"बरं," म्हणाले, आणि आत जेवायला गेले.

सर ओट्यासमोर हसतमुख उभेच होते.

"अहो," संघमित्रा कुजबुजली, "हो म्हणा ना! आत जाऊन सांगा!"

"अगं, एकदा तरी नको म्हणावंच लागतं. आता दुसऱ्यांदा विचारतील, तेव्हा हो म्हणतो."

"सहावा नियम कोणी लिहिला?"

सरांचं हसू जागच्या जागी वाळलं. आतून ताटवाटीचा आवाज येत होता. जेवत्या माणसाला उठवणं तर कुठल्याच फलकात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सर बंगल्यावर हजर. "शेठ, काल मी नको म्हणालो ते..."

"तुमच्या शब्दाचा मान राखला हो, सर!" शेठ कौतुकाने म्हणाले. "मनातून फार वाटलं, पुन्हा विचारावं. पण तुमचा अपमान कसा करू? रात्रीच संयमला लॉनचा शब्द देऊन टाकला. आता शब्द फिरवता येत नाही. चहा घेता?"

"नको नको," सर म्हणाले.

चहाही आला नाही.

लॉन झोकात झालं. पहिलं लग्न आधार नानांच्या नातीचं, पुनमचं. सर आणि संघमित्रा आहेर घेऊन गेले. कारंजं होतं, रोषणाई होती, आणि मगनच्या नऊ टोपल्या उष्ट्या पेपर प्लेटी टाकायला ओळीने मांडल्या होत्या. जेवणाच्या टेबलाच्या वर लाल अक्षरांचा ओळखीचा पत्रा टांगलेला होता. शेठने त्यातला तेवढा एकच नियम ठेवून बाकीचे पुसले होते.

वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली. मग जिलबीवाला आला. गरम, पाक सुटलेली जिलबी!

"जिलबी, सर?"

"नको नको," सर म्हणाले.

जिलबीवाल्याने वर फलकाकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

सर उठले. मग त्यांनी वीस फुटांवरून रिकामी प्लेट अशी भिरकावली, की ती साखळ्यांना खळ्ळकन लागून टोपलीत पडली. एका फेकीत! बघायला कोणी नव्हतं. ते परत येऊन बसले, तर संघमित्राच्या प्लेटमध्ये दोन जिलब्या होत्या. तिला एकदाच विचारलं होतं आणि ती एकदाच हो म्हणाली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग फलकाकडे.

"एक हवी?"

"हो!" सर इतक्या जोरात ओरडले, की स्टेजवर नवरा-नवरीच्या फोटोसाठी उभे असलेले शेठ दचकून वळले. पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तेही काही बोलले नाहीत.