टरफलाचा पुरावा

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी, मे महिन्याचा पहिला आठवडा, उन्हाळा ऐन भरात. त्या आठवड्यात मी ठरवलं, की खुराड्यातली अंडी रोज मोजायची. एवढंच ठरवलं. बाकीचं सगळं त्यातून झालं.

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर पहारा केला. कामगार बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासल्या. माझी शाळा चौथीपर्यंत, पण चोर मला वासावरून कळतो. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेतला आणि बारा कोंबड्या पाळल्या. मुंगूस, कोल्हा, साप हे तिथले जुने रहिवासी. मी सगळ्यांचा बंदोबस्त केला. माणूस उभा राहील एवढं खुराडं बांधलं, चहूबाजूंनी बारीक जाळी मारली, दाराला बाहेरून लोखंडी कडी बसवली. बायकोला हुकूम दिला, "दार उघडं दिसलं की कडी घालायची. विचारत बसायचं नाही."

तरी अंडी कमी भरू लागली. पंधरा दिवसांत एकोणीस गेली.

"मुंगूस असेल," बायको म्हणाली.

"मुंगूस टरफलं टाकून जातं. टरफलं कुठायत?"

"मग कोल्हा?"

"कोल्हा अंडी खाऊन कोंबड्यांची खुशाली विचारून परत जातो काय?"

"मग कोण, तुम्हीच सांगा."

"पुरावा मागे न ठेवणारं जनावर एकच. माणूस."

(ती माझ्याकडे बघत राहिली. थोडा वेळ मी तिच्यावरही संशय धरला.)

माणूस म्हणजे गादीवाला. तो कुंपणापलीकडे राहायचा, गाद्या-उशा भरून द्यायचा. सात वर्षं रोज चार वाजता माझ्या व्हरांड्यात चहाला यायचा. आपणहून माझ्याकडे येणारा तो एकटाच. (मुलगा येतो, पण सुनेने पाठवलं तर.) म्हणजे वाट माहीत असलेलाही तो एकटाच. त्या दिवशी मी चहाआधी त्याची पिशवी मागितली.

"कशाला रे?"

"तपासायची आहे. माझी अंडी चोरीला जातायत."

पिशवीत सुया आणि दोरा निघाला. अंडं निघालं नाही. माझा संशय पक्का झाला. इतकी स्वच्छ पिशवी सरळ माणसाची नसते.

"किती गेली?" त्याने विचारलं.

"एकोणीस."

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन आला. "एकोणीस आहेत. मोजून घ्या," म्हणाला. सात वर्षांत त्याने मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. चहा न घेता गेला. मी अंडी मोजून घेतली. ही कबुलीच झाली. अंडी आम्ही खाल्लीही. चार वाजता बायको एकच कप आणू लागली, आणि तो एक कप मला संपता संपेना.

चार दिवसांनी दुपारी मी खुराडं झाडायला आत शिरलो. बाहेर कडी वाजली. बायको बाजाराला निघाली होती. दार उघडं दिसलं, विचारत बसली नाही. मी हाका मारल्या, पण ती रस्त्याला लागली होती. (तिला एका कानाने ऐकू येत नाही. कोणत्या, ते ती सांगत नाही.)

दोन तास बसून काढू म्हटलं. तेवढ्यात कोपऱ्यातली माती हलली. उंदराच्या बिळातून एक धामण वर आली. चांगली माझ्या उंचीची. धामण बिनविषारी असते हे मला ठाऊक होतं, माझ्या पायांना ठाऊक नव्हतं. मी पालथ्या बादलीवर उभा. ती माझ्याकडे ढुंकूनही न बघता अंड्यांच्या खोक्याशी गेली आणि एक अंडं आख्खं गिळलं. टरफलासकट. मग दुसरं.

मला घाम फुटला. धामणीमुळे अर्धा, एकोणीस अंड्यांमुळे अर्धा.

"कोणी आहे का?" मी ओरडलो.

"कोण पाहिजे?" कुंपणापलीकडून गादीवाल्याचा आवाज.

"कोणीही."

"इथे फक्त चोर आहे. चोराने तुमच्या खुराड्याला हात लावलेला चालेल?"

"कडी काढ आधी!"

"मालकांना विचारा."

"मालक आत आहे!"

मग तो इतका हसला की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"आत साप आहे," मी म्हणालो. "अंडी खातोय."

"टरफलं टाकतोय का?"

"नाही."

"मग तो साप नव्हे, माणूसच. पिशवी तपासा."

"चुकलं," मी म्हणालो.

"काय म्हणालात? कोंबड्यांच्या गलक्यात ऐकू येत नाही."

कोंबड्या अजून गप्पच होत्या. मी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, की चूक माझी, चोर तू नव्हेस. रस्त्याने चाललेला दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला. त्यानेही ऐकलं.

कडी निघाली. धामण बिळातून गेली, मी दारातून गेलो. ऐट तिच्या चालीत होती. गादीवाला घरी निघून गेला, चार वाजता चहाला आला नाही.

बीळ मी बुजवलं, पण धास्तीने कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. शेवटी दुकानात गेलो.

"एकोणीस अंडी द्या."

दुकानदाराने वर बघितलं. "लोक डझनाने नेतात. एकोणीस मागणारे तुम्ही दुसरे. मागच्या आठवड्यात गादीवाल्याने नेली. कुणा खुळ्याने त्याच्यावर आळ घेतला होता म्हणे. कोण हो तो?"

"आमच्याच बाजूचा आहे," मी म्हणालो.

चार वाजता मी टोपली घेऊन गादीवाल्याच्या दारात उभा राहिलो.

"मोजून घे," मी म्हणालो.

"तूच मोज," तो म्हणाला. "तुला सवय आहे."

मी मोजली. एकोणीस भरली.