पूजेला एक मशीन जास्त

दामिनी आंघोळ करून केस पुसत बाहेर आली, तेव्हा आईची पूजा उरकली होती. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी बाबा करायचे. गेल्या दसऱ्याच्या आधी महिनाभर बाबा गेले, तेव्हा पाट मांडलाच नव्हता. यंदा आईनं, म्हणजे रुख्मिणीबाईंनी, कुणाला न विचारता तो माळ्यावरून काढला, धुतला आणि घरात जे जे म्हणून कापतं, फिरतं किंवा विजेवर चालतं, ते सगळं त्यावर आणून ठेवलं. विळा, कात्री, बाबांचा दाढीचा वस्तरा, मिक्सर, स्कूटीची किल्ली, दामिनीचा लॅपटॉप. आणि मिक्सर व लॅपटॉपच्या मधोमध, हळदकुंकवाची बोटं अन् झेंडूचं फूल मिरवत, दामिनीचा जांभळा व्हायब्रेटर.

दामिनीच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"आई, हे कुठं सापडलं तुले?"

"तुह्या कपाटात. चादरी काढाले गेली तवा. महिना झाला, मी वापरून राहिलो ना मानेले. लय आराम पडते. परवा शेजारच्या बेबीताईच्या टाचेलेही लावून दिलं."

 दामिनी काही लाजरीबुजरी नव्हती. अमरावतीच्या एका कोचिंग क्लासात ती केमिस्ट्री शिकवायची आणि वर्ग गाजवायची. लग्नाच्या चार वर्षांत स्वतःच्या शरीराबद्दल जे कळलं नव्हतं, ते घटस्फोटानंतर या वस्तूनं तिला निवांतपणे शिकवलं होतं. सुगतला तर तिनं तिसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तो अकोल्याचा, ती इथली, म्हणून दोघं मधे मूर्तिजापुरात भेटायचे. स्टेशनबाहेर चहा पिता पिता ती म्हणाली होती, "मले काय आवडते ते मले माहीत हाय. तुले चालंल का?" सुगत कप खाली ठेवत म्हणाला, "मंग सांगत जाय. मले आजवर कोणी सांगितलंच नाही." लग्न करायचं तर याच्याशी, हे तिनं त्या टपरीवरच ठरवलं.

पण सुगतला सांगणं वेगळं आणि त्याच्या आईसमोर हे असं पाटावर मांडणं वेगळं. आज तो आईला घेऊन येणार होता. रुख्मिणीबाई अजून 'हो' म्हणाल्या नव्हत्या. "जात वेगळी, रीत वेगळी. पाहू दे मले माणसं. नाही पटलं तं तोंडावर सांगन," एवढंच त्यांचं म्हणणं. आईला दुखवून दामिनीला लग्न करायचं नव्हतं. या घरात आता दोघीच होत्या.

तिनं पाटाकडे हात नेला.

"हां! हात नको लावू," आई ओरडली. "पूजेतलं हत्यार संध्याकाळपर्यंत हलवाचं नसते. तुह्या बाबानं दसऱ्याले कधी स्कूटर काढली का? पायी पायी जाये सोनं वाटाले."

"पण हे हत्यार नाही ना, आई!"

"विजेवर चालते ना? मंग?"

दामिनीनं तोरणातली फुलं ओरबाडून त्यावर ढीग घातला. आईनं तो उचलून सगळ्या हत्यारांना सारखा वाटला. मग तिनं रुमाल टाकला. "देवावर रुमाल काहून टाकून राहिली वो?" म्हणत आईनं तो काढला. शेवटी तिनं सुगतला फोन लावला. "तासाभरानं ये. नाही तं उद्याच ये."

"दारातच हाव आमी," सुगत म्हणाला, आणि बेल वाजली.

सुगतची आई सुंदराबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलेलं. बसणं ताठ, बोलणं मोजकं. रुख्मिणीबाईही आज मोजकंच बोलायचं ठरवून बसलेल्या.

"तुमी लोकं दसरा करत नसान."

"आमचा आज धम्मचक्र दिन. सकाळी विहारात जाऊनच निघालो."

"बरं."

 चहावर साय धरली. सुगत चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिला. सुंदराबाईंनी नकळत उजवा खांदा चोळला, आणि रुख्मिणीबाईंचा चेहरा एकदम उजळला.

"खांदा दुखते का?"

"रिटायर झाल्यापासून."

"थांबा, माह्याकडं मशीन हाय!"

"आई, पूजेतलं हलवत नसतात ना!" दामिनी किंचाळलीच.

"पाव्हण्याच्या दुखण्याले देव काही म्हणत नाही," म्हणत रुख्मिणीबाईंनी झेंडू बाजूला केला आणि ती वस्तू सुंदराबाईंच्या हातात दिली. सुगतला ठसका लागला.

सुंदराबाईंनी चष्मा चढवला. वस्तू फिरवून पाहिली, पदरानं कुंकू पुसलं, बटण दाबलं. घुर्रर झालं. बटण बंद केलं. दामिनीकडे पाहिलं, मग पंख्याकडे टक लावून बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं.

"ताई, जरा सैपाकघरात चला. तुमाले एक सांगाचं हाय."

दार लागलं.

"संपलं," दामिनी म्हणाली.

"माह्या आईनं गावोगावच्या बायांले कुटुंबनियोजन शिकवलं हाय," सुगत कुजबुजला. "ती समजावून सांगते. काहीच लपवत नाही."

"तेच तं भेव हाय!"

आत बराच वेळ सुंदराबाईंचा सपाट, दवाखान्यातला आवाज येत राहिला. मग आईचं "आँ?" ऐकू आलं.  मग "अवं माय! बेबीताईच्या टाचेले!" आणि पाठोपाठ हुंदक्यासारखं काहीतरी. दामिनी उठून दाराशी धावली आणि तिथंच थांबली. आई हसत होती. आईचं हसू उशिरा सुरू व्हायचं, मग थांबायचं नाव घ्यायचं नाही आणि शेवटी खोकल्यात संपायचं. बाबा गेल्यापासून ते या घरात ऐकू आलं नव्हतं. दामिनी परत येऊन बसली. 

डोळे पुसत रुख्मिणीबाई बाहेर आल्या आणि सरळ सुगतसमोर बसल्या.

"तुमाले हे माहीत होतं?"

"हो, काकू."

"मंग?"

"मंग काही नाही. तिनं सांगितलं, मी ऐकलं. चांगलंच झालं."

 रुख्मिणीबाई मागे उभ्या असलेल्या सुंदराबाईंकडे वळून म्हणाल्या, "आमच्या वक्ती कोणी इचारलंच नाही वो." आणि कप उचलत, तितक्याच साध्या आवाजात, "ईनबाई, चहा निवला तुमचा. दुसरा ठेवतो."

ईनबाई! म्हणजे विहीणबाई; नातं जुळलेल्यांनाच असं म्हणतात.  सुगतनं उरलेला चिवडा एका घासात संपवला.

निघताना सुंदराबाईंनी दामिनीला जवळ ओढलं. "एक ध्यानात ठेव, पोरी. हे वाटून घ्याचं नसते. साबणानं धुवाचं, आन ज्याचं त्यानं वापराचं."

"हो, आई," दामिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाहुणे गेल्यावर रुख्मिणीबाईंनी ते मशीन लेकीच्या हातात दिलं आणि पाटावरची विखुरलेली फुलं वेचत बसल्या.

"दामे, हे मोबाइलवर मागवता येते ना?"

"येते."

"मंग एक मागव. हा रंग नको. मोतिया असंल तं पाय."

दामिनीनं मोबाइल उघडला आणि फार जपून विचारलं, "मानेसाठीच ना, आई?"

आईनं मान वर केली नाही.

"तू फक्त रंग पाय," ती म्हणाली.