डिस्कवरची नजर आणि तौनोची माफी

"माझ्या परवानगीशिवाय हा कॉम्प्युटर शिंकणारसुद्धा नाही!" अर्वो निस्कानेननं बायकोला, हेल्वीला, ठासून सांगितलं.

प्रसंगच तसा होता. वडिलांच्या बोटीवरून भांडून गेलेला हेल्वीचा थोरला भाऊ तौनो कित्येक वर्षांनी व्हिडिओवर येणार होता. कॅनडातल्या थंडर बे गावातल्या त्यांच्या घरात सकाळपासून वेलदोड्याच्या पावाचा वास सुटला होता, जणू तौनो पडद्यातून हात घालून खाणार होता! अर्वोनं सगळं बोलणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. शिवाय रेकॉर्डिंग अडखळू नये म्हणून डिस्क किती वेगानं चालतेय ते सतत मोजणारा एक फुकटचा प्रोग्रामही बसवला.

तौनो दिसला. टक्कल पडलेलं, डोळे ओले.

"हेल्वी, त्या बोटीचं म्हणशील तर... मी..."

आणि पडदा निळाशार! वर पांढऱ्या अक्षरांत, बंद पडल्याबद्दल कॉम्प्युटरची माफी.

"माफी माझा भाऊ मागत होता! हा कोण मधेच?" हेल्वी किंचाळली.

तेवढ्यात फोन वाजला. "तोंडावर बंद केलंस ना?" तौनो गरजला.

"अरे, आपोआप बंद पडलं!"

"हो, बाबांची बोटही तुझ्या हातून आपोआपच खडकावर गेली होती!"

"बरं, मग आता फोनवरच सांग."

"फोनवर नाही. तुझं तोंड बघूनच सांगणार."

अर्वोनं कॉम्प्युटर उघडला, हेल्वीच्या पावावर अंडं लावायच्या ब्रशनं आतली धूळ झाडली, मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. पुन्हा कॉल, पुन्हा "त्या बोटीचं...", पुन्हा निळा! आता तौनोची खात्रीच पटली, की बहीण सूड उगवतेय.

पुढच्या रविवारी अर्वोनं नवी कोरी डिस्क घातली. तिच्यावर सर्वांत आधी काय बसवलं? तोच प्रोग्राम!

"नव्या डिस्कवर नजर नको ठेवायला?"

पुन्हा निळा!

अर्वोचं डोकं भणभणलं. विजेची तार, माउस, शेजाऱ्याचं बर्फ उडवायचं यंत्र, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी त्यानं कॉम्प्युटर बंद पडताना आपोआप साठवली जाणारी नोंदीची फाइल उघडली आणि आनंदानं टुणकन उडाला.

"हेल्वी, बघ! माझ्या प्रोग्रामच्या ड्रायव्हरचं, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या तुकड्याचं, नाव! एवढं सगळं कोसळलं, पण हा पठ्ठ्या शेवटपर्यंत डिस्कपाशी हजर होता!"

हेल्वीनं चष्मा लावला. "अर्वो, हे नाव 'कशामुळे बंद पडलं' याच्या पुढं लिहिलंय."

"असेल. कदाचित साक्षीदार म्हणून..."

"अर्वो!"

त्यानं मान खाली घालून प्रोग्राम काढला, ड्रायव्हरही मुळापासून उपटला. कॉल लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पडदा काही निळा झाला नाही!

"हेल्वी," तौनो म्हणाला, "माझंच चुकलं. ती बोट तुझीच होती. तूच ठेव."

हेल्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे वेड्या! कुठं आहे ती आता?"

"तळ्यात."

"धक्क्याला बांधलीयस?"

"नाही गं. तळाशी. गेल्या उन्हाळ्यात बुडवली मी."

हेल्वीचा चेहरा हलेना. तौनो घाबरून कॅमेऱ्याजवळ आला.

"हॅलो? पुन्हा निळं झालं का गं?"

"नाही," हेल्वी बाह्या सरसावत म्हणाली, "स्वच्छ दिसतोयस. कुठून सुरुवात करावी, तेवढंच ठरवतेय!"