जलबाधित बांधवांसाठी तातडीची सभा

संकट सांगून येत नाही. संकटांची ही बेशिस्त केरळातल्या आमच्या कुट्टनाडच्या करुणालयम प्रतिष्ठानाला कधीच मान्य नव्हती. आमची पंचवार्षिक योजना छापून तयार होती आणि तिच्यात पुराला जागा नव्हती.

तरी पूर आला. अध्यक्ष कुरुविळासाहेबांनी धोरण बदलण्यासाठी तातडीची सभा बोलावली (सातऐवजी तीनच दिवसांची नोटीस). मी कारकून, इतिवृत्त लिहायला हजर.

'पूरग्रस्त' म्हणावे की 'जलबाधित बांधव', यावर दोन तास मौलिक चर्चा झाली. तेवढ्यात तळमजल्यात पाणी शिरले. सभा तहकूब न करता एक मजला वर नेण्यात आली. परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणतात ते हेच. चहा खाली राहिला, याबद्दल खेद नोंदवला.

वर गुडघाभर पाण्यात तीन उपसमित्या नेमल्या. चौथीवर एकमत होईना, तोच खिडकीला नाव लागली. नावेत फिलोमिना कोळीण. इंजिनासाठीचा तिचा अर्ज आम्ही दोनदा फेटाळला होता (कारण: अर्जदार बांबूने उत्तम नाव चालवते).

"चला साहेब, उतरा पटापट!"

"ठराव संमत होऊ दे, फिलोमिना."

"नावेत करा. नाहीतर पाण्यात करा, माझं काय जातंय!"

साहेब फायलींची पेटी घेऊन उतरले. नाव भरली. समोरच्या कौलांवर ऐंशी वर्षांच्या अन्नम्मा छत्री धरून बसल्या होत्या. फिलोमिनाने नाव तिकडे घातली आणि पेटीला हात लावला.

"अगं, तीस वर्षांचं कार्य आहे त्यात!"

"साहेब, कागद तरंगतात. म्हाताऱ्या नाही तरंगत."

पेटी पाण्यात गेली. (तरंगली नाही. कार्य भरीव होते.)

अन्नम्मांनी छावणीपर्यंत माझा हात सोडला नाही. त्यामुळे पुढचे इतिवृत्त उपलब्ध नाही.

छावणीत गरम पेज पिता पिता नवे धोरण एकमताने संमत झाले: यापुढे संकटकाळी समाजाने प्रतिष्ठानाच्या मदतीस धावावे. फिलोमिना मात्र नाव वळवत ओरडत होती, "अजून अकरा घरं आहेत! कुणीतरी या रे, दोन हात हवेत!"

आम्ही तत्काळ सर्वांच्या फोनवर निवेदन धाडले. बेचाळीस हजार लोकांनी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. वाचकहो, यादीत आपलेही नाव दिसले. प्रतिष्ठान आपले ऋणी आहे.

नावेत शेवटी मीच चढलो. मला पोहता येत नाही.